गिझरच्या कॉइलचा रोध बरोबर, तरी पाणी तापायला पन्नास मिनिटे: व्होल्ट आणि अँपिअर मोजून दोष शोधता येईल का?

माजघर

नमस्कार. आमच्या घरी पंचवीस लिटरचा साठवणीचा गिझर आहे. त्याच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले आहे. पूर्वी थंडीतही चाळीस मिनिटांच्या आत पाणी आंघोळीजोगे कढत होत असे. गेल्या वर्षभरात हा वेळ हळूहळू वाढत जाऊन आता पन्नास मिनिटांवर आला आहे. सासरे पहाटे सहाला आंघोळ करतात, त्यामुळे गिझर पाचच्या सुमारास लावावा लागतो. वायरमनला बोलावले, तेव्हा त्याने कॉइल कमजोर झाली आहे, ती बदला, असे सांगितले.

खर्च करण्याआधी नववीतल्या मुलीने एक गणित मांडले. विद्युतशक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा आणि रोध म्हणजे विभवांतर भागिले विद्युतधारा, हे ती शाळेत शिकली आहे. २००० ला २३० ने भागून तिने ८.७ अँपिअर काढले, मग २३० ला ८.७ ने भागून कॉइलचा रोध २६.४ ओहम यायला हवा असे ठरवले. मेन स्विच बंद करून, गिझरचा प्लग काढून, शेजाऱ्यांच्या मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजले, तर २६.३ ओहम आले. म्हणजे कॉइल जशी हवी तशी आहे. मग पाणी उशिरा का तापते? आमच्या हिशेबात काही चुकते आहे की दोष दुसरीकडे कुठे आहे?

तारतंत्री

ताई, मुलीचा हिशेब बरोबर आहे आणि मोजण्याआधी प्लग काढला हेही उत्तम केले. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनचा व्यवसाय शिकवत होतो, त्या अनुभवावरून सांगतो की गिझरची कॉइल "कमजोर" होत नाही. ती तुटते, तेव्हा मंडल खंडित होते आणि मीटर अनंत रोध दाखवतो. किंवा तिचे आवरण फुटून ती अर्थला लागते, तेव्हा झटका बसतो अथवा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. तुमच्या कॉइलचा रोध २६.३ ओहम असेल, तर तिला २३० व्होल्ट मिळाल्यावर ती २००० वॅट घेणारच. कॉइलवर क्षार चढल्याने पाणी उशिरा तापते, असेही लोक म्हणतात, पण क्षारामुळे कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते; ती घेते ती शक्ती विजेचा दाब (म्हणजे व्होल्ट) आणि रोध यांवरूनच ठरते आणि ती उष्णता शेवटी पाण्यातच उतरते.

म्हणून प्रश्न राहतो तो दाबाचा. पहाटे तुमच्या सॉकेटवर किती व्होल्ट येतात, हे मोजा. पण एकदाच मोजू नका. गिझर बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा, दोन्ही आकडे काही सेकंदांच्या अंतराने घ्या, कारण गावातला इतर भार सतत बदलत असतो आणि पाच मिनिटांनी घेतलेला आकडा तुलनेला उपयोगाचा नसतो. असे तीन वेळा करा. गिझरच्या सॉकेटशेजारी त्याच बोर्डावर पाच अँपिअरचा सॉकेट असेल, तर मीटरच्या सळ्या तिथे घाला. वायरमनकडून टाँगटेस्टर (चिमट्यासारखा अँपिअरमापक) मिळाला तर फेजच्या एकट्या तारेभोवती तो धरून अँपिअरही लिहून घ्या. हे चालू विजेवरचे मोजमाप आहे. ते वायरमनच्या हातून किंवा त्याच्या देखत करा, स्नानगृहाच्या ओल्या फरशीवर उभे राहून तर मुळीच करू नका.

नवशिका

मला एक शंका आहे. समजा, दाब १९४ व्होल्ट इतकाच आहे. गिझर २००० वॅटचा आहे. मग २००० भागिले १९४ केले, तर १०.३ अँपिअर येतात. म्हणजे दाब कमी झाला की गिझर जास्त विद्युतधारा ओढून तेवढीच शक्ती घेईल ना?

खडूफळा

ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी होते, म्हणून थोडे थांबून लिहितो. सूत्रे तीनच आहेत आणि ती सर्वांना पाठ असतात. अडते ते कोणता आकडा कायम राहतो आणि कोणता बदलतो, हे न ठरवल्यामुळे. गिझरच्या पाटीवरचे "२००० वॅट" हे गिझरच्या अंगचे वैशिष्ट्य नाही. ते "२३० व्होल्ट दिले तर" या अटीसह दिलेले उत्तर आहे. गिझरच्या अंगी असतो तो तारेचा रोध, कारण तो तारेची लांबी, जाडी आणि धातू यांवर ठरतो. म्हणून पाटीवरचे दोन्ही आकडे एकत्र वापरून आधी रोध काढायचा: २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. त्यानंतर पाटी विसरून जायची आणि प्रत्यक्ष मोजलेला दाब त्या रोधाला द्यायचा. १९४ भागिले २६.४५ म्हणजे ७.३ अँपिअर, आणि १९४ चा वर्ग भागिले २६.४५ म्हणजे सुमारे १४२३ वॅट. दाब कमी झाला की विद्युतधाराही कमी झाली, आणि शक्ती या दोहोंचा गुणाकार असल्याने ती दुहेरी कमी झाली. दाबात दहा टक्के घट म्हणजे शक्तीत एकोणीस टक्के घट, हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पाटीवरचे वॅट आणि घरातले व्होल्ट यांची जोडी लावणे म्हणजे एका गावचे माप दुसऱ्या गावच्या धान्याला लावणे होय. दोन्ही आकडे एकाच वेळचे, एकाच ठिकाणचे असले तरच भागाकाराला अर्थ राहतो.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. रोध तापमानाने बदलतो. गिझर, शेगडी, इस्त्री यांत निक्रोमची तार असते आणि तिचा रोध तापल्यावरही थोडाच वाढतो, म्हणून थंड असताना मोजलेले २६.३ ओहम चालून जातात. जुन्या पिवळ्या दिव्याचे तसे नसते. ६० वॅटचा दिवा थंड असताना मल्टिमीटरवर साठ-सत्तर ओहम दाखवतो आणि पाटीवरून हिशेब केला तर ८८२ ओहम यायला हवेत. दोन्ही आकडे खरे आहेत. टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तिचा रोध बारा-पंधरा पट होतो. कोणाच्या घरी असा दिवा शिल्लक असेल तर मुलांना हे जरूर मोजून दाखवा.

माजघर

आपण दोघांनी इतके समजावून सांगितलेत, त्याबद्दल आभारी आहे. काल पहाटे वायरमनदादा स्वतःचा टाँगटेस्टर घेऊन आले आणि आम्ही सर्व आकडे वहीत लिहिले. गिझर बंद असताना सॉकेटवर २२१ व्होल्ट. गिझर लावताच १९४ व्होल्ट आणि ७.४ अँपिअर. तीन वेळा केले. एखाद्या व्होल्टचाच फरक पडला.

मुलीने लगेच १९४ गुणिले ७.४ केले, ते १४३६ वॅट आले. खडूफळा सरांनी रोधावरून काढलेल्या १४२३ च्या अगदी जवळ. तिने पाण्याचाही हिशेब केला. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे ४१.९ लाख ज्यूल लागतात. २००० वॅटने ३५ मिनिटे आणि १४३६ वॅटने ४९ मिनिटे. आमच्या घड्याळातली पन्नास मिनिटे जुळली, याचा तिला फार आनंद झाला.

म्हणजे दोष गावाच्या वीजपुरवठ्याचा, असेच आता समजायचे का? आमचे घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) बरेच लांब आहे आणि पहाटे शेतीपंप चालू असतात.

तारतंत्री

ताई, घाई करू नका. तुमच्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा १९४ नाही. २२१ आणि १९४ यांतला फरक आहे. गिझर बंद असताना २२१ व्होल्ट मिळतात, म्हणजे गावाच्या भारामुळे जी काही घट व्हायची ती नऊ व्होल्टची आहे. उरलेले २७ व्होल्ट तुमच्या स्वतःच्या ७.४ अँपिअरमुळे वाटेत गळले. वाटेचा रोध किती, तर २७ भागिले ७.४, म्हणजे साधारण ३.६ ओहम. हा रोध डीपीपासून गिझरच्या सॉकेटपर्यंत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांत मिळून कुठेतरी बसलेला आहे. २७ गुणिले ७.४ म्हणजे सुमारे २०० वॅट उष्णता त्या वाटेवर रोज पहाटे पन्नास मिनिटे निर्माण होते. ती खांबावरच्या तारांत पसरली असेल तर वाऱ्यावर जाईल. पण एकाच जागी साठली असेल तर ती जागा शोधलीच पाहिजे.

वाट दोन भागांत तोडा. तुमच्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर युनिटांबरोबर व्होल्टचा आकडाही फिरत येतो, निदान आमच्याकडच्या मीटरवर तरी बटण दाबत गेले की येतो. गिझर चालू असताना तो वाचा. सील किंवा झाकण यांना हात लावण्याची गरज नाही. दुसरे, मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुकी, हे छापलेले असते. घरातले बाकी सर्व बंद करून फक्त गिझर चालू ठेवा आणि एका मिनिटात तो दिवा किती वेळा लुकलुकतो, ते मोजा. आणि मीटरपासून स्नानगृहापर्यंत वायर साधारण किती लांब आहे, कोणत्या जाडीची आहे, तांब्याची की ॲल्युमिनियमची, हेही कळवा.

मोटेवरचा

विषय जवळचाच आहे, म्हणून इथेच विचारतो. विहिरीवर माझी एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर आहे. तिच्या चालू वेटोळ्याचा रोध मीटरवर ३.२ ओहम आला. २३० भागिले ३.२ केले तर बहात्तर अँपिअर येतात, आणि पाटीवर लिहिले आहे सात अँपिअर. शिवाय वर सांगितलेल्याच्या उलट, आमच्याकडे दाब उतरला की टाँगटेस्टरवर अँपिअर वाढतात. मग हे सूत्र मोटरीला लागू होत नाही का?

खडूफळा

शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर न कळल्यामुळे अनेकांच्या मोटरी जळतात. मल्टिमीटर वेटोळ्याला आपल्या छोट्या बॅटरीची एकाच दिशेने जाणारी विद्युतधारा देऊन तांब्याच्या तारेचा रोध तेवढा मोजतो. मोटर प्रत्यक्षात सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या प्रवाहावर चालते. त्यामुळे वेटोळ्यात आणि फिरणाऱ्या भागात उलटा दाब निर्माण होतो आणि तो बाहेरून येणाऱ्या दाबाचा मोठा हिस्सा अडवून धरतो. तुमच्या सात अँपिअरना अडवतो आहे तो मुख्यतः हा उलटा दाब; ३.२ ओहमचा वाटा त्यात थोडाच. मोटर सुरू होताना ती फिरत नसते, उलटा दाब पुरेसा नसतो, म्हणून त्या क्षणी ती पाच-सहा पट अँपिअर ओढते आणि घरातले दिवे मंद होतात.

दाब उतरल्यावर अँपिअर वाढतात, त्याचे कारण असे की मोटरीला पाणी तेवढेच उचलायचे असते. तिचे काम ठरलेले, म्हणून तिची शक्ती जवळपास ठरलेली. दाब कमी मिळाला की ती विद्युतधारा वाढवून ते काम पुरे करू पाहते. नवशिका यांनी गिझरबद्दल जे गणित केले होते, ते मोटरीबद्दल पुष्कळसे खरे ठरते. वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाने वाढते, म्हणून सातचे नऊ अँपिअर झाले की उष्णता एक पूर्णांक पासष्ट शतांश पट होते. मोटर जळते ती अशी.

मोटरीचे वॅट काढायलाही व्होल्ट गुणिले अँपिअर पुरत नाही. त्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती भाग खरी शक्ती होतो हे सांगणाऱ्या आकड्याने, गुणावे लागते. गिझरसाठी तो एक असतो, म्हणून या धाग्यातला हिशेब सरळ आहे. मोटरीचा हिशेब वेगळ्या धाग्यात विस्ताराने करू, म्हणजे ताईंचा प्रश्न मागे पडणार नाही.

माजघर

आकडे मिळाले. गिझर चालू असताना मीटरच्या पडद्यावर २१६ व्होल्ट दिसतात. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० असे छापलेले आहे. मुलगी ओट्यावर मोबाइलचे घड्याळ लावून बसली आणि एका मिनिटात तिने ८५ लुकलुकी मोजल्या. दुसऱ्यांदाही ८५ च आल्या. वायर मीटरपासून स्नानगृहापर्यंत सुमारे २४ मीटर आहे, जुनी, ॲल्युमिनियमची, दीड चौरस मिलिमीटरची असावी, असे वायरमनदादा म्हणाले. घर बांधले तेव्हा गिझर नव्हता. स्नानगृह नंतर आत घेतले.

तारतंत्री

हे आकडे वाचून मी आधी एक विनंती करतो: दोष सापडेपर्यंत गिझर लावू नका. कारण सांगतो.

मीटरच्या बाहेर पाच व्होल्ट पडतात, २२१ चे २१६ झाले. पाच भागिले ७.४ म्हणजे ०.६८ ओहम. लांबच्या घराला हे चालण्यासारखे आहे. घराच्या आत मात्र २१६ चे १९४ होतात. बावीस व्होल्ट भागिले ७.४ म्हणजे जवळजवळ तीन ओहम, आणि बावीस गुणिले ७.४ म्हणजे १६३ वॅट, तेही घराच्या भिंतींच्या आत.

मुलीने मोजलेल्या लुकलुकी याला दुजोरा देतात. मिनिटाला ८५ म्हणजे तासाला ५१००, भागिले ३२००, म्हणजे तासाला १.५९४ युनिट, अर्थात १५९४ वॅट मीटरमधून आत जातात. सॉकेटवर पोहोचतात १४३६. मधले १५८ वॅट कुठे गेले? दोन निरनिराळ्या मार्गांनी काढलेली तूट पाच वॅटांच्या फरकाने जुळते, त्यामुळे मोजण्यात चूक असेल ही शंका माझ्या मनातून गेली.

आता वायरचा स्वतःचा रोध पाहू. दीड चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १८.१ ओहम असतो, त्याच जाडीच्या तांब्याचा १२.१. फेज जाते आणि न्यूट्रल परत येते, म्हणून २४ मीटरची ४८ मीटर धरायची. ४८ मीटरला ०.८७ ओहम. स्विच आणि इतर जोड मिळून फार तर ०.१ धरा. घरात सापडायला हवा तो रोध एक ओहमच्या आत. सापडतो आहे तीन. जास्तीचे दोन ओहम २४ मीटर चांगल्या वायरीत लपू शकत नाहीत. ते एखाद्या सांध्यावर आहेत. ७.४ चा वर्ग गुणिले दोन म्हणजे ११० वॅट. शंभर वॅटचा जुना दिवा तुमच्या भिंतीतल्या एखाद्या बंद डबीत रोज पन्नास मिनिटे जळतो आहे, असे समजा. तो दिवा निदान हवेत टांगलेला असतो. हा सांधा पीव्हीसी आणि टेप यांच्यात गुंडाळलेला आहे.

एमसीबी (फ्यूजच्या जागी असणारा आपोआप पडणारा स्विच) का पडली नाही, असे कोणी विचारेल. एमसीबी फक्त विद्युतधारा पाहते. खराब सांध्यामुळे विद्युतधारा वाढत नाही, उलट घटते. सांधा चांगला असता तर आठच्या जवळपास अँपिअर वाहिले असते, इथे ७.४ वाहतात. ईएलसीबी फेज आणि न्यूट्रलमधला फरक पाहतो, तोही इथे नाही. असा सांधा पेटेपर्यंत घरातले एकही संरक्षक उपकरण बोलत नाही. तो दिसतो फक्त या भागाकारात, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हा फरक लोडवर आणि लोडविना असा दोन वेळा घेण्याचा आग्रह धरीत असे.

जागा शोधण्यासाठी गिझर वायरमनच्या देखत एकदाच, दोन मिनिटांसाठी लावा. वाटेत एखादा बोर्ड असेल तर तिथला दाब घ्या. शिवाय गिझरशेजारच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब घ्या. सांधा न्यूट्रलवर असेल तर तो वीसच्या घरात जाईल. फेजवर असेल तर पाच-सहाच राहील.

खडूफळा

तारतंत्री यांनी जे केले, त्याला एक जुना आणि नेमका संदर्भ आहे. गेऑर्ग झिमॉन ओहम कोलोन येथे शाळेत शिकवत असताना १८२५ मध्ये त्याने निरनिराळ्या लांबीच्या तारा घेऊन पहिले प्रयोग केले, तेव्हा त्याची अडचण हीच होती. त्या काळचे विद्युतघट भार पडला की दाब टिकवत नसत, त्यामुळे पहिले सूत्र चुकीचे आले. पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांब्याचे उष्णताजोड वापरले. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात, म्हणजे दाब स्थिर राहणार. १८२६ मध्ये त्याला जे नाते मिळाले त्यात दोन रोध होते: एक बाहेर लावलेल्या तारेचा आणि दुसरा मंडलाच्या उरलेल्या भागाचा. शाळेच्या पुस्तकात आपण पहिलाच रोध शिकवतो आणि दुसरा गाळतो. ताईंच्या घरात दोष त्या गाळलेल्या रोधात सापडला. सविस्तर ग्रंथ १८२७ मध्ये आला. विद्युतधारेच्या वर्गाने उष्णता वाढते, हे ज्यूलने १८४१ मध्ये दाखवले. तारतंत्रींचे ११० वॅट त्याच नियमाचे.

नवशिका

एक विचारतो. तोटा १६३ वॅटचा असेल, तर बिलातही बराच फरक पडत असेल ना?

तारतंत्री

बिलात फारसा नाही. १६३ वॅट गुणिले ४९ मिनिटे म्हणजे एका युनिटाचा सुमारे आठवा भाग, महिन्याला चार युनिटे. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा तेवढीच राहते, फक्त वेळ वाढतो. म्हणूनच असे दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत: बिल ओरडत नाही, फ्यूज उडत नाही, पाणी थोडे उशिरा तापते इतकेच. माझी काळजी युनिटांची नाही, आगीची आहे.

माजघर

आज सकाळी दोष सापडला. जसे घडले तसे लिहिते.

वाटेत पडवीत एक बोर्ड आहे, मीटरपासून सुमारे १४ मीटरवर. गिझर लावल्यावर तिथे २१२ व्होल्ट होते, म्हणजे चौदा मीटरांत चारच व्होल्ट पडले. पुढच्या दहा मीटरांत एकदम अठरा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात सहा व्होल्ट आले. वायरमनदादांनी वहीतले आकडे दोनदा पाहिले, मेन स्विच बंद केला, टेस्टरने आणि दिव्याने वीज नसल्याची खात्री केली आणि ते थेट स्नानगृहाच्या दारावरच्या गोल डबीपाशी गेले. तिच्यावर चुना चढलेला होता. तिथे डबी आहे हे आम्ही विसरूनही गेलो होतो.

झाकण काढताच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. झाकणाची आतली बाजू तपकिरी पडली होती आणि एका बाजूला फुगली होती. स्नानगृह आत घेताना जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला पुढची सहा मीटर तांब्याची वायर जोडलेली होती, नुसती पिळून, वर टेप गुंडाळून. न्यूट्रलचा सांधा बरा होता. फेजच्या सांध्यावरचा टेप कोळशासारखा झाला होता आणि बोट लावताच त्याचे तुकडे पडले. आत तांब्याच्या तारा काळ्या-जांभळ्या पडल्या होत्या, ॲल्युमिनियमवर पांढरट भुकटी जमली होती, आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटे वायरचे आवरण ठिसूळ होऊन तडकले होते. डबीच्या मागेच दाराची लाकडी चौकट आहे. ती पाहून सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत.

तारतंत्री

वेळेवर सापडले, फार बरे झाले. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडले की त्यावर लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज जाऊ देत नाही. त्यात तांबे शेजारी आणि स्नानगृहाची वाफ, म्हणजे दोन धातूंमध्ये गंज चढायला सर्व सोय झाली. शिवाय ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरते, रोज तापते आणि निवते, म्हणून पिळलेला सांधा सैल होत जातो. सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. वर्षभर वेळ हळूहळू वाढत गेला, असे तुम्ही पहिल्याच टिपणीत लिहिले होते, त्याचे कारण हेच. शेवटची सहा मीटर तांब्याची निघाली, त्यामुळे माझा ०.८७ ओहमचा आकडा ०.८० च्या आसपास येतो. निष्कर्ष बदलत नाही.

तो सांधा नवा करून देतो, असे वायरमन म्हणेल. करू देऊ नका. गिझरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची अखंड वायर ओढा, वाटेत एकही सांधा नको, आणि तिला वेगळी एमसीबी द्या. अडीच चौरस मिलिमीटर चालेल. चार घेतली तर अधिक चांगले. ४८ मीटरला अडीचचा रोध ०.३६ ओहम येतो आणि चारचा ०.२२, आठ अँपिअरला तीन व्होल्ट विरुद्ध पावणेदोन व्होल्ट. तुमच्याकडे मुळातच दाब कमी आहे, म्हणून मी चार घेईन. पडवीतल्या बोर्डापर्यंतची जुनी वायर दिवे आणि पंख्यांसाठी राहू द्या, पण तिच्या प्रत्येक डबीचे झाकण एकदा उघडून पाहा.

मोटेवरचा

हे वाचून मी आज विहिरीवरच्या पेटीत हात लावण्याआधी स्टार्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोटर चालू असताना मोजून घेतला. एका फ्यूजच्या किटकॅटवर चार व्होल्ट सापडले, आणि सातच्या वर अँपिअर वाहतात म्हणजे जवळजवळ तीस वॅट त्या चिनीमातीत जळत होते. पाती काळी पडली होती. नवीन बसवली.

माजघर

काल वायरमनदादांनी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर मेन बोर्डापासून केसिंगमधून ओढली. आज पहाटेचे आकडे असे: गिझर बंद असताना २२१ व्होल्ट, चालू असताना मीटरवर २१५ आणि सॉकेटवर २१३ व्होल्ट, टाँगटेस्टरवर ८.१ अँपिअर. २१३ गुणिले ८.१ म्हणजे १७२५ वॅट. पाणी एक्केचाळीस मिनिटांत तापले. मुलीने चाळीस मिनिटे काढून ठेवली होती. घराच्या आतली तूट बावीस व्होल्टांवरून दोनवर आली.

पडवीतल्या दोन डब्या उघडून पाहिल्या, त्या कोरड्या आणि स्वच्छ होत्या. दारावरच्या जुन्या डबीत आता वायर नाही. तिचे तपकिरी झाकण मुलीने शाळेत दाखवण्यासाठी ठेवून घेतले आहे. आजचे सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. पुढच्या वर्षी थंडी पडली की हेच तीन आकडे पुन्हा घ्यायचे, आणि २१५ आणि २१३ मधले अंतर वाढलेले दिसले तर गिझर लावण्याआधी वायरमनला बोलवायचे, असे त्या कागदाच्या तळाशी सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले.